मी तर एकच मेसेज केला होता

पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा. २००३ साली एमएस करायला अमेरिकेत आलो आणि जिथे शिकलो त्या विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर कायमचा राहिलो. इथला अमेरिकन फुटबॉल मला कॉलेजात असताना कळला आणि त्याचं वेडच लागलं. गेली अकरा वर्षं आम्ही चौघं सीझनची तिकिटं घेतो. जागा चांगल्या मिळाव्यात म्हणून विद्यापीठाच्या क्रीडा निधीला दरवर्षी ७०० डॉलर देतो.

माझ्या मुलाच्या वर्गातला एक मुलगा शाळेच्या फुटबॉल टीममध्ये रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, आहे. पाचवीपासून दोघं दोस्त. आमच्या घरी पावभाजी खाऊन, रात्री तिथेच झोपून गेलेला. आता त्याच्यामागे बरीच विद्यापीठं लागली आहेत, त्यात आमचंही आहे. सप्टेंबरात मी एक्सवर त्याला टॅग करून लिहिलं, ‘घरच्याच मैदानावर खेळ. आमच्या चार सीट तुझ्यासाठी घसा फोडतील.’ आमच्या कोचनं ज्या दिवशी त्याचा व्हिडिओ लाइक केला, त्याच दिवशी लिहिलं. नंतर त्याच्या वडिलांना मेसेज केला, की हा इथे आला तर त्याच्या मोठ्या बहिणीला माझ्या कंपनीत इंटर्नशिप मिळवून देतो. मग तो दुसऱ्या विद्यापीठाला भेट देऊन आला आणि त्यांच्या जर्सीत फोटो टाकला, तेव्हा गमतीनं लिहिलं, ‘तिकडे गेलास तर आमच्या घरात पाऊल टाकू नकोस.’ त्याखाली बाकी लोकांनी जे लिहिलं ते काही मी लिहिलेलं नाही.

मागच्या आठवड्यात विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसची, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या ऑफिसची, मेल आली. म्हणे मी ‘बूस्टर’ आहे, मी नियम मोडलाय, झालेल्या सगळ्या संपर्काची माहिती द्या. मी कसला बूस्टर? कोट्यवधी देणारे वेगळेच असतात. आणि आता तर खेळाडूंना उघड उघड पैसे मिळतात, मग माझ्या एका मेसेजनं काय बिघडलं? खासबागेत पैलवानाला कुणीही खुशीनं इनाम देतं, कुणी खुराक पुरवतं, त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही. पोस्ट डिलीट करून गप्प बसू का? माझा मुलगाही माझ्याशी धड बोलत नाही, ते आणखी वेगळंच.

— एक कोल्हापूरकर


उत्तर

कोल्हापूरकर दादा,

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. डिलीट करून गप्प बसू नका. आज रात्री सगळ्या पोस्ट आणि त्या मुलाच्या वडिलांना केलेले मेसेज, तारीख-वेळ दिसेल असे, स्क्रीनशॉट काढून ठेवा. ते कंप्लायन्स ऑफिसला पाठवा. पोस्ट काढायच्या की ठेवायच्या ते त्यांना विचारा, आणि ते सांगतील तसं करा. मी एका विद्यापीठाच्या अशाच ऑफिसात नऊ वर्षं काम केलंय. चूक कबूल केली म्हणून कुणाचं मोठं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. लपवल्यामुळे झालेलं मात्र पाहिलंय.

तुम्ही ‘एका मेसेजनं’ असं लिहिलंत. मी तुमचं पत्र पुन्हा वाचून मोजलं. तीन आहेत. तिन्ही वेगवेगळ्या जातीचे आहेत, म्हणून एकेक घेऊ.

पण त्याआधी हे ‘बूस्टर’ प्रकरण. तुमच्या डोळ्यासमोर बूस्टर म्हणजे खासगी विमानातून मॅचला येणारा, स्टेडियमच्या भिंतीवर नाव कोरलेला माणूस आहे. एनसीएए म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या नियमात तसं काही नाही. क्रीडा विभागाला किंवा त्याच्या पाठीराख्यांच्या क्लबला ज्यानं कधीही देणगी दिली, जो अशा क्लबचा सभासद झाला, ज्यानं खेळाडूंना नोकरी मिळवून दिली किंवा खेळाडू गोळा करायला विभागाला मदत केली, तो बूस्टर. रकमेची किमान मर्यादा नाही. तुमचे ७०० डॉलर पहिल्या वर्षी जमा झाले त्या दिवशी तुम्ही बूस्टर झालात. आणि हे लेबल परत निघत नाही. पुढच्या वर्षी देणगी बंद केलीत, तिकिटं सोडलीत, दुसऱ्या राज्यात गेलात, तरी त्या विद्यापीठाच्या दृष्टीनं तुम्ही आयुष्यभर बूस्टरच. आमच्या ऑफिसात हे वाक्य इतक्या वेळा फोनवर सांगावं लागायचं की माझ्या टेबलामागच्या फळ्यावर ते कायमचं लिहून ठेवलं होतं. लोक दुखावतात. त्यांना वाटतं आपल्यावर आरोप झाला. आरोप नसतो तो. त्याचा अर्थ इतकाच, की तुम्ही जे बोलता ते विद्यापीठाच्या तोंडून निघाल्यासारखं धरलं जातं.

आता पहिला मेसेज, ‘घरच्या मैदानावर खेळ’. तुमच्या डोक्यात हे स्टेडियममधून मारलेल्या आरोळीसारखं आहे. नियमाच्या भाषेत हा नववीपासून पुढच्या, म्हणजे भरतीयोग्य झालेल्या मुलाशी बूस्टरनं भरतीसाठी, म्हणजे त्याला आपल्या टीमकडे ओढण्यासाठी, केलेला संपर्क. फोन, पत्र, मेल, मेसेज, टॅग, सगळं एकाच पिशवीत. कोचनं लाइक केलं म्हणून तुम्हाला चालेल असं वाटलं, हे मी समजू शकते. ऑगस्ट २०१६ पासून कोच मंडळींना बहुतेक खेळांत मुलांच्या पोस्ट लाइक करायला, पुढे पाठवायला परवानगी आहे. पण खाली चार शब्द लिहायला त्यांनाही बंदी आहे. ज्याची ती नोकरी आहे त्याला बटण दाबण्यापुरती मोकळीक, आणि ज्याची नाही त्याला तेवढीही नाही.

हे फार बारकाईचं वाटत असेल तर २००९ मधली गोष्ट सांगते. जॉन वॉल तेव्हा शाळेत होता, देशातला सगळ्यात नावाजलेला बास्केटबॉल गार्ड. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं फेसबुकवर ग्रुप काढला, ‘जॉन वॉल, प्लीज आमच्याकडे ये’ अशा अर्थाचा. विद्यापीठानं त्याला हे थांबवा म्हणून पत्र पाठवलं. तेव्हा देशभर लोक चिडले, पोरानं नुसतं ‘ये’ म्हटलं तर काय झालं! आणि खरं सांगायचं तर साध्या विद्यार्थ्याला तेवढ्यासाठी पत्र पाठवणं मलाही जास्त वाटलं होतं. वॉल केंटकीला गेला आणि २०१० च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल संघांच्या खेळाडू-निवडीत, पहिला निवडला गेला. मुद्दा एवढाच, की हा पेच फेसबुकइतकाच जुना आहे आणि तुमच्यासाठी कुणी नवा नियम काढलेला नाही.

दुसरा मेसेज मात्र गंभीर आहे आणि मला वाटतं तुम्हाला त्याचं वजन अजून कळलेलं नाही. मुलाच्या बहिणीची इंटर्नशिप. मुलाच्या आईवडिलांशी केलेला संपर्क हा मुलाशीच केलेला संपर्क धरतात, हे एक. आणि भरतीसाठी देऊ नयेत अशा गोष्टींची नियमात जी यादी आहे, तिच्यात मुलाच्या नातेवाइकांना नोकरी लावून देणं हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. रोख रकमेच्या, कपड्यांच्या, कर्जाच्या रांगेत. तुम्ही म्हणाल, मी तिला मदतच करत होतो, ती हुशार आहे. असेल. पण तुम्ही लिहिलंत ‘हा इथे आला तर’. त्या चार शब्दांनी मदतीचा सौदा झाला. आणि त्या वडिलांच्या जागी बसून बघा. मुलगी नोकरी शोधतेय, मुलाच्या दोस्ताचे बाबा देतो म्हणतायत, पण त्याची किंमत त्यांच्या मुलानं आपल्या आयुष्याची चार वर्षं कुठे काढायची ही आहे. ते काय उत्तर देणार? तुम्ही लिहिलेलं नाहीत, पण मला वाटतं त्यांनी उत्तर दिलंच नसेल.

कंप्लायन्सला कळवताना हा मेसेज सगळ्यात आधी सांगा. तो खाली, ‘आणि हो’ म्हणून, लिहू नका. त्या मुलीनं किंवा घरच्यांनी काहीही स्वीकारलेलं नाही, कंपनीत तिचा अर्ज पुढे गेलेला नाही, असं असेल तर तेही स्पष्ट लिहा, कारण त्यावर त्या मुलाचं पुढचं बरंच अवलंबून आहे. नियमाबाहेरचा फायदा मिळाला असं ठरलं तर पात्रता त्याची अडकते, तुमची नाही. खेळायची परवानगी परत मिळवण्यासाठी मग विद्यापीठाला त्याच्या वतीनं अर्ज करावा लागतो.

तिसऱ्या मेसेजकडे नंतर येते. त्याआधी पावभाजी.

ह्या बाबतीत तुम्हाला दिलासा देण्यासारखं आहे. बूस्टर असलात तरी शेजारी, कुटुंबाचे जुने मित्र, मुलांचे दोस्त ह्यांच्याशी असलेले संबंध तोडावे लागत नाहीत. नियमात तशी सोय आहे. संबंध मुलाचं नाव होण्याच्या आधीपासूनचे हवेत आणि बोलणं भरतीचं नको. पाचवीतली मैत्री ही सरळसरळ त्यात बसते. तुमच्या घरी त्यानं खाल्लेल्या पावभाजीचा हिशोब कुणी मागणार नाही. पावाला लोणी लावता लावता ‘मग काय ठरवलंस?’ विचारलंत, की ती सोय संपली. हे लक्षात ठेवायला सोपं आहे आणि पाळायला फार अवघड, मला ठाऊक आहे. घरात फुटबॉलशिवाय दुसरा विषय नसेल तर आणखी अवघड.

खासबागेचा मुद्दा मला मनापासून आवडला, म्हणून त्यावर थोडं रेंगाळते. माझं आजोळ तिकडचंच. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात मी आजोबांच्या खांद्यावर बसून कुस्त्या पाहिल्यात. हलगी कडाडते, निकाली कुस्ती होते, आणि जिंकलेला पैलवान मातीनं माखलेला, कडेनं फिरतो. लोक त्याच्या हातात नोटा देतात, कुणी फेटा बांधतं, माइकवरून देणाऱ्याचं नाव पुकारतात. तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दादा, ते इनाम कधी देतात? कुस्ती झाल्यावर. कुणासमोर? सगळ्या मैदानासमोर. आणि ते घेऊन पैलवान जातो कुठे? आपल्या तालमीत, आपल्या वस्तादाकडे. आता दुसरं चित्र बघा. एका पेठेतल्या माणसानं दुसऱ्या तालमीतल्या सोळा वर्षांच्या पोराच्या बापाला संध्याकाळी गाठलं आणि सांगितलं, पोराला आमच्या तालमीत घाला, पोरीच्या नोकरीचं मी बघतो. कोल्हापुरात त्याला कुणी इनाम म्हणेल? वस्तादाच्या कानावर गेल्यावर काय होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तुम्ही जे केलंत ते ह्या दुसऱ्या चित्राच्या जवळचं आहे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी हे दुसरं चित्र फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. डॅलसचं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ हे त्याचं सगळ्यात जळजळीत उदाहरण. तिथल्या पाठीराख्याच्या पैशातून उभ्या केलेल्या गुप्त फंडातून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर दिले गेले होते. आधी शिक्षा होऊनही हे चालूच राहिलं, म्हणून फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएनं त्यांचा १९८७ चा अख्खा फुटबॉल सीझन रद्द केला. १९८८ चा विद्यापीठानं स्वतःच सोडला. त्यानंतर जिंकलेल्या मॅच हरलेल्यांपेक्षा जास्त, असा सीझन त्यांना १९९७ साली दिसला आणि बोल गेम, म्हणजे सीझनअखेरचा मानाचा सामना, खेळायला २००९ उजाडलं. ज्यांनी पैसे दिले ते आपापल्या धंद्यात राहिले. ज्या पोरांनी एक डॉलर घेतला नव्हता त्यांची टीम नाहीशी झाली.

तुमचा पुढचा मुद्दा, आता सगळं उघड झालंय, तो अर्धा बरोबर आहे, आणि ह्यात मी पूर्णपणे खेळाडूंच्या बाजूची आहे. वर्षानुवर्षं स्टेडियम भरत होती, टीव्हीचे करार होत होते, आणि ज्याच्या नावाची जर्सी विकली जाई त्याला त्यातलं काही घेता येत नव्हतं. तो अन्याय होता आणि मी त्या ऑफिसात बसून तो अन्याय राबवलाय, ह्याची मला आजही खंत आहे. जून २०२१ मध्ये खेळाडूंनी लढलेल्या अल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, छबी वापरू देऊन कमावता येऊ लागलं, ज्याला सगळे एनआयएल म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायाधीशांनी असंही सांगितलं, की शाळकरी खेळाडूनं कॉलेज निवडण्याआधी अशा करारांची बोलणी केली तर एनसीएएनं त्याला शिक्षा करू नये. आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी एकेका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

म्हणजे बाजार उघडला, हे खरं. पण ह्या उघड्या बाजाराचेही कायदे आहेत. बाहेरच्या कुणाशी ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार केला तर खेळाडूनं तो एनआयएल गो नावाच्या व्यवस्थेत नोंदवायचा. देणारा विद्यापीठाशी जोडलेला असेल, उदाहरणार्थ ज्यानं आजवर ५०,००० डॉलरांहून जास्त देणगी दिलीय असा माणूस, तर करारामागे खरा धंदा आहे का आणि रक्कम रास्त आहे का हे तपासलं जातं. बघा, तुम्ही ज्या बड्या लोकांशी स्वतःची तुलना करून ‘मी कुठे’ म्हणता, त्यांच्यासाठी वेगळी, जास्त कडक गाळणी आहे. तुम्ही तिच्यात येत नाही. पण तुम्ही दिलेली गोष्ट एनआयएलमध्येही येत नाही. त्या मुलाच्या नावाचा, चेहऱ्याचा तिथे काही उपयोगच नव्हता. बहिणीला नोकरी द्यायची आणि बदल्यात त्यानं तुमच्या विद्यापीठाकडून खेळायची सही करायची. हे २०२१ च्या आधीही चालत नव्हतं आणि आजही चालत नाही.

सोशल मीडियावरची एक पोस्ट केवढं करू शकते ह्याचं उदाहरण मायामी विद्यापीठाचं आहे. एप्रिल २०२२ मध्ये कॅव्हिंडर जुळ्या बहिणी फ्रेस्नो स्टेट सोडून नवं विद्यापीठ शोधत होत्या. दोघी बास्केटबॉल खेळणाऱ्या आणि इंटरनेटवर प्रचंड लोकप्रिय. मायामीच्या एका श्रीमंत पाठीराख्यानं त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि त्यांच्याबरोबरचा फोटो ट्विट केला. सगळ्या देशानं तो पाहिला, एनसीएएनंही पाहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल लागला. एक वर्षाचं प्रोबेशन, म्हणजे देखरेख, ५,००० डॉलर आणि वर महिला बास्केटबॉलच्या बजेटचा १ टक्का दंड. भेट जुळवून देण्यात हात होता म्हणून प्रशिक्षक केटी मायर ह्यांना सीझनचे पहिले तीन सामने बाहेर बसावं लागलं. त्या पाठीराख्याला काहीही झालं नाही, कारण एनसीएएचा दंडुका विद्यापीठावर चालतो, बाहेरच्या माणसावर नाही. मला ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच खटकतं. ज्याचा फोन त्याला तोशीस नाही. तुमच्या बाबतीतही दंड भरणार ते विद्यापीठ, आणि तासन्‌तास उत्तरं देणार ते ज्यांच्यासाठी तुम्ही घसा फोडता ते कोच.

आता तिसरा मेसेज. ‘तिकडे गेलास तर आमच्या घरात पाऊल टाकू नकोस.’

तुम्ही गमतीनं लिहिलंत ह्यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे. आपल्याकडे प्रेमाची माणसं असंच बोलतात. पण मला एक प्रसंग सांगू द्या. माझ्या ऑफिसात एकदा एक नवा खेळाडू आईबरोबर कागदांवर सह्या करायला आला होता. स्वतःच्या राज्यातलं विद्यापीठ सोडून त्यानं आमचं निवडलं होतं आणि आदल्या रात्री तसं जाहीर केलं होतं. फोन त्यानं टेबलावर पालथा ठेवलेला. तो फोन वाजत नव्हता, नुसता थरथरत होता, आणि थरथरत थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत होता. कडेला आला की आई न बघता हात पुढे करून तो परत मध्ये ढकलायची. माझ्याशी बोलता बोलता तिनं असं चार-पाच वेळा केलं असेल. मी विचारलं, रात्री काय करता? ती म्हणाली, स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, ओव्हनच्या हातमोज्यांखाली, म्हणजे आवाज येत नाही. मग मुलानं मला फोन दाखवला. अनोळखी लोकांनी त्याचा पाय मोडो म्हणून लिहिलं होतं, आणखी बरंच होतं, ते मी इथे लिहिणार नाही. तो भराभर अंगठ्यानं वर सरकवत होता, हे सगळं रोजचं असल्यासारखं. एका ठिकाणी अंगठा थांबला. तिथे शिवी नव्हती. ‘तू असा निघशील असं वाटलं नव्हतं’, एवढंच होतं. लिहिणारा माणूस त्याच्या गल्लीतला होता. लहानपणी त्याला प्रॅक्टिसला गाडीतून न्यायचा. मुलगा काही बोलला नाही, फोन पुन्हा पालथा ठेवला.

दादा, तुमच्या त्या पोस्टखालच्या शेकडो लोकांना तो मुलगा ओळखत नाही. तुम्हाला ओळखतो. तुमच्या घराचा दरवाजा त्याला माहीत आहे, आणि तोच दरवाजा तुम्ही सगळ्यांसमोर, गमतीत का होईना, अटीवर टाकलात. खालचं बाकीच्यांनी लिहिलं, तुम्ही नाही, हेही खरं. पण त्याला टॅग तुम्ही केलंत. त्यांना पत्ता तुम्ही दिलात.

लोकांना वाटतं हे नियम एनसीएएच्या इंडियानापोलिसच्या ऑफिसात बसलेल्या वकिलांनी काढले. सगळे तसे नाहीत. २००७ साली एनसीएएनं कोचना मुलांना टेक्स्ट पाठवायला संपूर्ण बंदी घातली, तेव्हा त्या बंदीला खेळाडूंच्याच समितीचा पाठिंबा होता. वर्गात, जेवताना, रात्री झोपेत मेसेज येत होते, आणि त्या काळी अनेकांना प्रत्येक मेसेजचे पैसे पडत. कॉलेजात पोचलेल्या मुलामुलींनी आपल्या मागून येणाऱ्यांसाठी ते मागितलं होतं. पुढे फोन बदलले, दर बदलले, ती बंदी टप्प्याटप्प्यानं उठली. पण त्या मुलांचं मागणं मला कधी जुनं वाटलं नाही. आम्हाला जरा शांतपणे ठरवू द्या, एवढंच ते म्हणत होते. पैशांचे नियम चुकीचे होते, ते बदलले हे चांगलं झालं. हा एक नियम बदलू नये असं मला वाटतं.

आता तुमच्या मेलचं. ती चार परिच्छेदांची करू नका. तुम्ही कोण, किती वर्षं देणगी देता, मुलाशी आणि कुटुंबाशी ओळख कधीपासूनची, काय काय लिहिलंत, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत का. हा शेवटचा प्रश्न ते विचारणारच, कारण क्रीडा विभागातल्या कुणी सुचवलं असेल तर प्रकरण फार वेगळं होतं. स्वतःहून लिहिलं असेल तर तसं सांगा. ‘मला नियम माहीत नव्हता’ हे एकदाच लिहा, ते खरं आहे आणि पुरेसं आहे. अशी प्रकरणं बहुतेक वेळा लेव्हल थ्री म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीची धरली जातात. विद्यापीठ स्वतः एनसीएएला कळवतं आणि तुम्हाला नियमांची समज देणारं एक पत्र येतं. इंटर्नशिपमुळे थोडं जास्त होऊ शकतं. काही काळ क्रीडा विभागाशी संबंध ठेवू नका असंही सांगू शकतील. सांगितलं तर पाळा. एक सीझन टीव्हीवर बघून निघेल.

त्या मुलाची सही होईपर्यंत, म्हणजे बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, त्याच्याबद्दल ऑनलाइन एक अक्षर लिहू नका. अभिनंदनही नको. तुमच्या मुलाकरवी निरोप नको, बायकोच्या अकाउंटवरून नको. त्याच्या वडिलांची माफी मागावीशी वाटत असेल, वाटायलाच हवी, तर कंप्लायन्सला आधी विचारा. ते बहुतेक हो म्हणतील. मग फोन करा, मेसेज नको, आणि विद्यापीठाचं नाव तोंडातून निघू देऊ नका. मुलीच्या नोकरीचं बोलणं मी मागे घेतो, ते करायला नको होतं, एवढं म्हणा आणि थांबा. ते गप्प राहिले तर राहू द्या.

आणि तुमचा मुलगा. तुम्ही त्याच्याबद्दल पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ लिहिलीत आणि ‘वेगळंच’ म्हणालात. ते वेगळं नाही. सतरा वर्षांच्या पोराचा जिवलग दोस्त त्याच्या बापामुळे त्याच्या घरी यायला कचरतोय. शाळेत डबा खाताना तो त्याच्या शेजारी बसतो का, हे तुम्हाला ठाऊक आहे? मेल उद्या सकाळी पाठवलीत तरी चालेल, एका रात्रीनं काही होत नाही. आज जेवणं झाली की त्याच्या खोलीत जा. फोन बाहेर ठेवून जा. दार उघडंच असलं तरी टकटक करा, आणि ‘त्या पोस्टनंतर शाळेत काय झालं?’ एवढंच विचारून खाली बसा.